प्रेसवरून उठल्यानंतर

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर बोटं गमावलेला माणूस शोधावा लागत नाही. जखम भरते, टाके निघतात आणि घरात एक सल्ला फिरू लागतो: "आता पन्नाशी झाली, कुठंतरी वॉचमनचं बघा." हा सल्ला आळशी आहे असं माझं मत आहे. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, आणि पंचवीस वर्षं मशीनवर जे शिकलं त्याचा उपयोग काहीच नाही. त्याच्या आधी करून बघण्यासारखं बरंच असतं. फक्त ते क्रमाने करावं लागतं, कारण एका कागदावर चुकीच्या वेळी सही केली तर पुढची दोन दारं बंद होतात.

समजा, पन्नास वर्षांचा ऑपरेटर आहे. पगार महिना २०,००० रुपये, उजव्या हाताची तीन बोटं गेली. सगळा हिशोब या एकाच माणसावर करून बघू.

पहिला प्रश्न : तो ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, होता का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे कामगार ईएसआयच्या कक्षेत येतात. पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसली की समजायचं, विमा आहे. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली हे विचारलं जात नाही; कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. उपचार चालू असेपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये हवी आणि अपघात अहवाल ईएसआय कार्यालयात गेलेला हवा. माणूस ठेकेदाराकडचा असेल तर ही नोंद घरच्यांनी त्याच आठवड्यात डोळ्यांनी बघून घ्यावी. दवाखान्याच्या केसपेपरवर "घरी पडला" असं लिहिलं गेलं, तर ते पुढे खोडून काढणं फार जड जातं.

जखम स्थिरावली की मेडिकल बोर्ड बसतं आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. एका हाताची तीन बोटं गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के लिहिले आहेत. चार बोटांना ५०, अंगठ्याला एकट्याला ३०. आपल्या माणसाचं गणित असं : २०,०००चे ९० टक्के म्हणजे १८,०००, त्याचे ३० टक्के म्हणजे ५,४००. एवढी रक्कम दरमहा, हयातभर. आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. दुसरी नोकरी धरली की हे पैसे बंद होतात, असं बरेच जण धरून चालतात आणि त्या भीतीने घरी बसतात. तसं नाही. कायमच्या अपंगत्वाचा हा लाभ दुसरीकडे पगार चालू असतानाही मिळत राहतो. म्हणजे नव्या कामात पगार थोडा कमी असला तरी खड्डा काही अंशी भरून निघतो. नवं काम निवडताना हे ५,४०० रुपये हिशोबात धरूनच बसायचं.

ईएसआय नसेल तर १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याचा रस्ता. (हे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत, हिशोबाची रीत तीच.) तिथे महिन्याचे पैसे मिळत नाहीत, एकरकमी भरपाई मिळते. पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, आणि अपंगत्व जितके टक्के, त्याचे तितके टक्के. हिशोबासाठी पगार कितीही असला तरी एका मर्यादेपर्यंतच धरतात. जानेवारी २०२०मध्ये ती ८,००० वरून १५,००० केली गेली. पन्नाशीचा गुणक १५३.०९ आहे. १५,०००चे ६० टक्के ९,०००, गुणिले १५३.०९ म्हणजे १३,७७,८१०. त्याचे ३० टक्के ४,१३,३४३ रुपये. हाच माणूस चाळिशीचा असता तर गुणक १८४.१७ असता. वय वाढलं की कायद्याच्या लेखी उरलेली कमाईची वर्षं कमी होतात, म्हणून आकडा उतरतो. मालकाने महिन्याभरात रक्कम दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज लागतं. "पन्नास हजार घ्या आणि मिटवा" असं कोणी म्हटलं, तर आधी हा गुणाकार कागदावर मांडावा.

टक्क्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लोक सर्वात जास्त गोंधळतात ते इथे. हाताचा किती भाग गेला हा एक टक्का. त्यामुळे कमाई किती बुडाली हा वेगळा. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला आला होता, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. डावा हात कोपराच्या वरून कापला गेला होता. परिशिष्टातले टक्के कमी होते, पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने कमाईचं नुकसान शंभर टक्के धरलं. पुढे २०१०च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या निकालात हे अधिक उलगडून सांगितलं आहे : हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच जातो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून बोर्डासमोर किंवा नुकसानभरपाई आयुक्तांसमोर जाताना नुसता एक्स-रे पुरत नाही. आपण नेमकं काय काम करत होतो, त्यातलं काय आता होत नाही, हे लिहून न्यावं. "प्रेस ऑपरेटर" एवढं लिहिलं तर समोरच्याला चित्र दिसत नाही. "बारा किलोची डाय दोन्ही हातांनी उचलून बसवणे" असं लिहिलं तर दिसतं.

तिसरा टक्का दिव्यांग प्रमाणपत्राचा. तो वेगळं बोर्ड वेगळ्या मोजमापाने देतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८०च्या आत पिवळं, त्याच्या वर निळं. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. ईएसआयने ३० टक्के दिले म्हणून इथेही ३०च येतील असं धरू नये. कमीही येतील, जास्तही.

आता राजीनाम्याचं. ईएसआयचे पैसे चालू आहेत तोवर घर चालतं आणि कारखान्याच्या पटावर नाव असतं. "फिट" सर्टिफिकेट हातात पडलं की दोन्ही बंद करण्याची घाई सुरू होते. म्हणून हलक्या कामाची बोलणी त्या आधीच करावी, लेखी अर्जाने. आणि जायचंच झालं तर "घरगुती कारणास्तव" असा राजीनामा कधी लिहून देऊ नये. अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलणाऱ्या माणसासाठी हे एक वाक्य हजारो रुपयांचं आहे. तसंच पीएफच्या पेन्शनचं. दहा वर्षं सदस्यत्व असेल तर पन्नाशीत पेन्शन सुरू करता येते, पण ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ती ४ टक्क्यांनी कमी होते, आणि ही कपात कायमची. ऑफिसातला कोणी "काका, पेन्शन चालू करून टाका" म्हणाला तरी आणखी सहा महिने निघत असतील तर काढावेत.

सरकारी नोकरीतल्यांची गोष्ट निराळी आहे, आणि चांगली आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम २०(४) : नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून ठेवायचं. कायद्याने स्थापन झालेली महामंडळंही यात येतात, म्हणजे एसटीचा चालकसुद्धा. खासगी कारखान्याला हे बंधन नाही. तिथे कामाचं महत्त्व पटवून द्यावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

पटवून द्यायचं कसं? आपलं जुनं काम सुटं करायचं. प्रेस ऑपरेटर दिवसभर काय करतो हे एका वहीत ओळीने लिहायचं. शीट चढवणं. डाय बसवणं, क्लॅम्प आवळणं. पहिला पीस काढून व्हर्नियरने मोजणं. बर, म्हणजे कापलेल्या कडेला उरलेली धार, आली का बघणं. पंच बोथट झाला की आवाज बदलतो, तो ओळखणं. रिजेक्शन लिहिणं. नव्या हेल्परला शिकवणं. कुठला पार्ट कुठल्या डायवर निघतो हे लक्षात ठेवणं. आता प्रत्येक ओळीपुढे खूण करायची : याला दोन धड हात लागतात की नाही? पहिल्या दोनांना लागतात. बाकीच्यांना बहुधा नाही. हाताला जेवढं येत होतं त्याहून कानाला आणि डोळ्याला जास्त येत होतं, हे वही भरल्यावर दिसतं.

त्या उरलेल्या ओळींमधून कामं निघतात. लाइन इन्स्पेक्शन. टूल स्टोअर, जिथे डाय, पंच, गेज यांची देवघेव आणि नोंद असते. डाय दुरुस्तीला कधी पाठवायची त्याचं वेळापत्रक. नव्या मुलांना मशीनवर उभं करण्याआधीचं शिक्षण. आणि हे शेवटचं काम बोटं गमावलेला माणूस जितकं गांभीर्याने करेल तितकं दुसरा कोणी करणार नाही. सुपरवायझरकडे "काहीतरी काम द्या" म्हणून गेलं तर तो गेटकडे बोट दाखवतो. "साहेब, पहिल्या पाळीत फर्स्ट पीस तपासायला बसवून बघा, महिनाभर" असं म्हटलं तर त्याला नाही म्हणायलाही विचार करावा लागतो. जुन्या कारखान्यात नाही जमलं तर हेच शब्द शेजारच्या शेडमध्ये चालतात, कारण तिथेही तेच पार्ट असतात.

यासाठी शिकावं लागतं ते दोन गोष्टींपुरतं : ड्रॉइंग वाचणं आणि संगणकावर तक्ता भरणं. दुसऱ्यासाठी गल्लीतलं एमएस-सीआयटी केंद्र पुरे. पहिल्यासाठी वयाची अट नीट बघावी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पकालीन प्रशिक्षण ४५ वर्षांपर्यंतच आहे. पण आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची जी सोय आहे, ती ५९ पर्यंत खुली ठेवली आहे. पन्नाशीच्या माणसाने त्या खिडकीवर जावं, पहिल्या नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मोजमाप आणि टूलिंगचे छोटे अभ्यासक्रम असतात. मुंबईत दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं स्वतंत्र करिअर सेवा केंद्र आहे, तिथे काय जमेल याची पारखही करून देतात.

शिकण्याआधी हाताची खरी ताकद मोजून घ्यावी. मुठीची पकड यंत्राने मोजता येते, किती वेळ धरून ठेवता येतं तेही. हे व्यवसायोपचार तज्ज्ञाचं काम. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, इतरत्र मोठ्या सरकारी रुग्णालयात विचारावं. त्यांची एक चिठ्ठी, "पाच किलोपर्यंत उचलू शकतो, थंडीत पकड कमी होते, बारीक मापं डाव्या हाताने घेऊ शकतो", मालकासाठी टक्क्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा उपयोगी असते. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव मात्र घरीच करावा लागतो आणि पहिले काही महिने अक्षर वाचवत नाही.

भरपाईच्या पैशातून किराणा दुकान काढण्याचा सल्ला नात्यातल्या निम्म्या लोकांकडून येतो. दुकानदारी आधी कधी केली नसेल तर मी नको म्हणेन. स्वतःचंच काही करायचं असेल तर आपल्या धंद्याच्या कडेचं करावं, उदाहरणार्थ गेज आणि छोट्या टूलची विक्री, आणि पूर्ण पैसे आपले घालू नयेत. स्वयंरोजगारासाठीच्या पीएमईजीपी या सरकारी योजनेत वरची वयोमर्यादा नाही. दिव्यांग अर्जदाराला शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. बँकेचा मॅनेजर प्रकल्प अहवाल मागेल. गिऱ्हाईक कोण हे त्यात नावानिशी लिहिता आलं पाहिजे.

नवी नोकरी लागली की पहिल्या दिवशी दोन क्रमांक द्यायचे : जुना ईएसआय विमा क्रमांक आणि पीएफचा जुना यूएएन. नवे क्रमांक काढू द्यायचे नाहीत, कारण पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं जुन्या-नव्या नोकऱ्यांची बेरीज करून भरतात, आणि दोन खात्यांत विखुरलेली वर्षं एकत्र आणायला पीएफ कार्यालयात बऱ्याच खेपा पडतात.