गिलाव्याखाली गंज वाढतोच
१९७० साली खुला झालेला मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतील पोलाद गंजले होते. तीच खारी हवा किनाऱ्यावरील घरांच्या तुळयांनाही लागते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापून काँक्रीट आतून फोडतो. भेगेवर गिलावा फिरवणे ही निव्वळ रंगसफेदी. क्षार मुरलेले काँक्रीट सळीच्या मागेही सुमारे २० मिलिमीटर फोडून काढावे लागते. तत्पूर्वी टेकू हवेत. खर्च वाचवताना नेमके तेच वगळले जातात. सळी घासून, साचा बांधून बारीक खडीचे प्रवाही काँक्रीट पंपाने भरतात. ते नळीत अडले की पाणी ओतण्याचा मोह होतो. मिश्रण वाहते खरे, पण ताकद गमावते. साचा काढल्यावरही भरलेला भाग किमान ७ दिवस ओला राखावा लागतो.