चिमणीचा धूर काळा का होतो?

गळीत हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, ही सभासद भगिनींची तक्रार रास्त आहे. तिचे कारण आम्ही येथे सांगत आहोत.

शेवटच्या मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणीच असते. भट्टीत आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तेवढी उष्णता चिमणीवाटे फुकट जाते. बगॅस जास्त ओला राहिला किंवा हवा कमी पडली की जळण अर्धवट जळते. मग कार्बनचा काही भाग विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो, काही काजळी होऊन उडतो. एक किलो कार्बन पुरता जळाला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. मोनॉक्साइडवरच अडला तर जेमतेम २,२००. काळा धूर म्हणजे आपलाच पैसा! बरे, हवा वारेमाप सोडूनही भागत नाही. जादा हवा तापते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते.

बगॅसमध्ये गंधक नाममात्र, म्हणून कोळशासारखा गंधकाचा धूर होत नाही, एवढे समाधान.

पण सभासद बंधूंनो, आपण फडातले पाचट पेटवतो तिथे ना भट्टी, ना पंखा. धूर तसाच, शिवाय पाचटातला बहुतेक नत्र हवेत जातो आणि पुढे तोच आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. तेच पाचट खोडव्याच्या सरीत पसरले तर ओल टिकते, नि कुजून जागच्या जागी खत होते.