मारुती कांबळेचा प्रश्न कोणी विचारायचा?

आमच्या महाविद्यालयातील मुले अलीकडे मोबाइलवर ब्रिटिश राजकीय थरारमालिका पाहू लागली आहेत. ही मुले घाटंजी, वणी, पांढरकवड्याकडची. त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच घरातली पहिली शिकणारी. लंडनच्या संसदेतल्या कारस्थानांशी त्यांचे काय नाते? तरी ती रात्र रात्र जागतात. ही ओढ निव्वळ करमणूक म्हणून झटकून टाकता येणार नाही. तिच्या मुळाशी जे आहे ते आपल्या जगण्याशी जोडलेले आहे.

या मालिकांची घडण आधी पाहू. 1985 साली आलेल्या ‘एज ऑफ डार्कनेस’मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याची मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मरते. तो शोध घेऊ लागतो आणि अणुउद्योग व सरकार यांच्या साटेलोट्यापर्यंत पोचतो. 1988 च्या ‘अ व्हेरी ब्रिटिश कू’मध्ये शेफील्डचा पोलाद कामगार पंतप्रधान होतो. त्याला पाडायला गुप्तहेर खाते, वृत्तपत्रांचे मालक आणि बडे नोकरशहा एक होतात. 1990 च्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’मधला मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कर्ट तर थेट प्रेक्षकाकडे वळून आपले डाव सांगतो. मार्गारेट थॅचर यांना पायउतार व्हावे लागले त्याच महिन्यात ही मालिका दाखवली जाऊ लागली होती.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. बंद दाराआड काय बोलले जाते ते इथे ऐकू येते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले त्यांना या ऐकण्याचे अप्रूप वाटणारच. दुसरे म्हणजे, अन्यायाला इथे चेहरा असतो. आपले नुकसान अमुक माणसाने, अमुक दिवशी, अमुक खोलीत ठरवले हे कळण्यातही एक प्रकारचा दिलासा असतो.

मराठीला हे नवे नाही. डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा ‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. पुढे अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून त्याच दोघांनी 1979 साली ‘सिंहासन’ केला. त्यात मुख्यमंत्र्याला निनावी फोन येतो, खुर्ची हलू लागते आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी भ्रमिष्ट होतो. यवतमाळकरांना खुर्चीचे राजकारण काही परके नाही. एकट्या पुसदच्या नाईक घराण्यातून वसंतराव (1963 ते 1975) आणि सुधाकरराव (1991 ते 1993) असे दोन मुख्यमंत्री झाले. जिल्ह्याच्या वाट्याला सत्ता आली. म्हणून ती वस्तीपर्यंत पोचतेच असे नाही.

‘सामना’ मी वर्गात दाखवला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर (श्रीराम लागू) यांची ही झुंज आहे. तिचे कारण मारुती कांबळे. हा माणूस हिंदुरावाच्या आड आला आणि नाहीसा झाला. त्याचे झाले काय, एवढेच मास्तर विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाचे साम्राज्य आतून पोखरले जाते. मुलांना हिंदुरावाचा रुबाब फार आवडला. मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मास्तर आलाच नसता तर?”

या प्रकारच्या नाट्याची मर्यादा त्या मुलीने नेमकी पकडली होती. थरारनाट्याला एक प्रेत लागते, एक खलनायक लागतो आणि प्रश्न विचारणारा एक माणूस लागतो. आपल्या वाट्याला बहुधा प्रेताची भूमिका येते. प्रश्न विचारायला मात्र कोणी बाहेरचा, जाणता, प्रतिष्ठित लागतो. प्रत्यक्षात जातीला कारस्थानाची फारशी गरजही पडत नाही. माझ्या शिष्यवृत्तीची फाइल एका कार्यालयात वर्षभर पडून होती. ती कोणी मुद्दाम अडवली नव्हती. माझ्यासारख्याची फाइल वर्षभर पडून राहिली तर विचारायला कोणी येणार नाही, एवढे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अशा प्रसंगात अर्कर्ट शोधून सापडत नाही.

आता खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. हे बंद दाराआड घडले नाही, गावाच्या देखत घडले. तरी कित्येक आठवडे बाहेर फारसे काही हलले नाही. तिथे कोणी मास्तर येऊन पडला नव्हता. नोव्हेंबरात विदर्भातल्या वस्त्यांतली माणसे, त्यांत मोठ्या संख्येने बाया, रस्त्यावर उतरली आणि प्रश्न विचारला गेला. 2008 साली आठ जण दोषी ठरले. सहा जणांची फाशी 2010 मध्ये उच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र न्यायालयाने लागू केला नाही. म्हणजे कोणी मारले याचे उत्तर मिळाले. का मारले याचे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ही नाट्ये आपण जरूर पाहावीत. सत्ता कशी बोलते, कशी हसते, माणसे कशी विकत घेते हे त्यांतून कळते आणि कार्यकर्त्याला ते कळलेच पाहिजे. मात्र पाहताना दोन सवयींपासून सावध राहावे. अर्कर्ट-हिंदुरावांच्या हुशारीवर भाळू नये. आणि मास्तरची वाट पाहत बसू नये.

त्या मुलीला मी त्या दिवशी वर्गात उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. मास्तर आला नसता तर तो प्रश्न कांबळ्यांच्याच घरातून विचारावा लागला असता. तू शिकते आहेस ती त्याचसाठी.