देवाच्या दारी पदर खोचून

भक्ती म्हटलं की टाळ, उदबत्ती, नवस आणि दर्शनाची रांग आठवते. पण महाराष्ट्रात श्रद्धेची आणखी एक जुनी रीत आहे. ती कधी हातात खराटा घेते, कधी झारा, कधी सुई-दोरा आणि वेळ पडली तर मोर्चाचा फलकही. एकाही धर्माला तिची मक्तेदारी सांगता येणार नाही. तिच्या गोष्टी ऐकत गेलो की एक खूण हमखास सापडते. पंगत वाढायला माणसं उभी राहिली की त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच, ‘पंगतीत कोण बसलेलं नाही?’ माझ्या लेखी सेवेचा कस लागतो तो याच प्रश्नापाशी.

सेवेलाही वेटिंग!

शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी रांग असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे फुकट राबण्यासाठीही नंबर लावावा लागतो, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी पाळीपाळीने येतात, चपला सांभाळतात, फरशी पुसतात, महाप्रसाद वाढतात, म्हाताऱ्यांना हात देतात. गावाकडे कुणी शेतकरी असतो, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. समोरचा कुणीही असो, त्याला हाक एकच, ‘माउली’. ‘माउली, जरा पुढे सरका’ म्हटलं की गर्दीतला तापट माणूसही मुकाट्याने सरकतो. आरडाओरडा आणि दंडुका न वापरता गर्दी कशी हलवावी, हे शिकायला प्रशासनातल्या मंडळींनी इथे चार दिवस काढावेत, असं मला मनापासून वाटतं.

पंढरीला जाऊन वाळवंट झाडणारा

आता या सगळ्यांचे आजोबा शोभतील असे गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट कुटुंब. अंगात रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. भूक लागली की तेच गाडगं ताट व्हायचं. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची चाल होती, त्यांनी बुंदीचे लाडू वाढले. पहिली खळबळ घरापासूनच!

त्यांची पद्धत ठरलेली. गावात शिरायचं, कुणाशी न बोलता रस्ते आणि गटारं झाडायला लागायचं. लोक आधी वेडा समजायचे, मग ओशाळून एकेक जण हाताला लागायचा. दिवसभरात गाव लख्ख झालं की रात्री कीर्तन. आणि कीर्तन कसलं, ती तर भर चौकातली उलटतपासणी! बाबा अस्सल वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे आणि हजारोंचा जमाव एका सुरात उत्तर द्यायचा. कर्ज काढून लग्न करावं का? देवाला कोंबडं-बकरं का लागतं? शिवाशीव पाळणाऱ्याला देव कसा भेटेल? उत्तर आपल्याच तोंडून बाहेर पडल्यावर माणूस पळणार कुठे? स्वतः बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरातली भांडी मोडावी लागली तरी बेहत्तर, लेकरांना शाळेत घाला, हा त्यांचा धोशा होता.

पंढरपूरची यात्रा ते सोडत नसत. तिथे जाऊन करायचे काय, तर चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे. वारीला आलेल्या दलितांना शहरात पाठ टेकायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, म्हणजे धर्मशाळेच्या जागी शिक्षणाची सोय. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. गावाकडून फाइल आणि पिशवी घेऊन आलेल्या माणसाला या शहरात परवडणारं छप्पर मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याच्या घरात हा आजार येऊन गेला त्यालाच कळेल.

बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. गाडगेबाबा गेले २० डिसेंबरला. अवघ्या चौदा दिवसांत महाराष्ट्र दोनदा पोरका झाला.

दार उघडण्यासाठी उपाशी

चोखोबांची समाधी पंढरपुरात विठोबाच्या महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजाला मात्र शतकानुशतकं त्या दारातून आत जाता येत नव्हतं. साने गुरुजींनी हा प्रश्न घेऊन गावोगाव सभा घेतल्या आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. तारीख पाहा. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं, सगळ्या देशाचं लक्ष दिल्लीकडे, आणि हा माणूस म्हणत होता की विठोबाचं दार उघडल्याशिवाय स्वातंत्र्य अपुरं आहे. मंदिर खुलं करण्याचा शब्द मिळाला तेव्हाच उपोषण सुटलं. एका भाविकाने आपल्याच दैवताच्या दारात हट्ट धरून बसावं, याहून मोठी भक्ती मला सुचत नाही.

कुत्र्यांसाठी दंगल

मुंबईतल्या सुरुवातीच्या दंगलींपैकी एक झाली ती भटक्या कुत्र्यांवरून! १८३२ च्या जूनमध्ये ब्रिटिशांनी कुत्री मारण्याचा सपाटा लावला. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान, त्यामुळे पारशी रस्त्यावर उतरले, इतर धर्मांचे लोकही सामील झाले, दुकानं बंद पडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढाकार सर जमशेटजी जीजीभाईंचा.

त्याच घरातली आणखी एक गोष्ट. माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटायच्या. सरकार पूल बांधायला तयार नव्हतं. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये पुढे केले आणि अट घातली की टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे सुरू झाला. लेडी जमशेटजी रोडवरून रोज जाणाऱ्यांनी या बाईंची आठवण जरूर काढावी.

एक थाळ, आठ जण, शून्य खरकटं

दाऊदी बोहरा घरात जेवण म्हणजे मधोमध एक मोठा थाळ आणि भोवती गोल करून बसलेली आठेक माणसं. सुरुवात मिठाच्या कणाने, शेवटही मिठानेच. श्रीमंत व्यापारी आणि त्याच्या दुकानातला नोकर एकाच थाळात हात घालतात. सामुदायिक जेवणात ‘दाणा कमिटी’चे स्वयंसेवक फिरत असतात. त्यांचं काम एकच, अन्नाचा दाणा वाया जाऊ द्यायचा नाही. उरलेलं नीट काढून गरजूंपर्यंत पोहोचवायचं.

शिवाय समाजाचं सामुदायिक स्वयंपाकघर आहे. धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या सांगण्यावरून ते सुरू झालं आणि घरोघर जेवणाचा डबा जाऊ लागला. गरिबाच्या घरीही तोच डबा, शेठच्या घरीही तोच. यातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. रोज चुलीपुढे जाणारे बाईचे तास वाचले, आणि त्या तासांत कुणी शिकलं, कुणी धंदा सुरू केला.

छापखाना बायकांचा!

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत त्याही होत्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन वाढलं. तिथे नुसती भाकरी आणि छप्पर नव्हतं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा आणि चक्क छापखाना होता, तोही बायकांनी चालवलेला. खिळे जुळवणाऱ्या बोटांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात छापलं गेलं. त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने अंध मुलींना वाचायला शिकवलं. दया दाखवणारे पुष्कळ भेटतात, हाताला हुन्नर देणारे कमी.

जकातीतून आयसीयू

२०२० ची रमजान ईद. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने सणाचा खर्च आवरला, जकात-दानाचे ३६ लाख रुपये जमवले आणि गावच्या सरकारी आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तिथे येणाऱ्या रुग्णाला कुणी जात-धर्म विचारणार नव्हतं. ईदीची इतकी सुंदर कल्पना क्वचितच कुणाला सुचली असेल.

फादर, विहिरी आणि टँकर

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याला साहित्यिक म्हणून माहीत. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईच्या वाड्यांमध्ये त्यांची ओळख निराळी होती. केळीच्या बागा उठवून टोलेजंग इमारती येऊ लागल्या, विहिरींचं पाणी टँकरमधून विकलं जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली हे धर्मगुरू मोर्चात चालले. बागायतदार सामवेदी कुपारी, वाडवळ, आगरी, आदिवासी, सगळे बरोबर. चर्चच्या व्यासपीठावरून पाण्यावर बोलायचं आणि रस्त्यावर उतरून तेच बोलायचं, यात त्यांना काही वेगळं करतोय असं कधी वाटलं नाही. पाणी हा गरिबाचा हक्क आहे, तर तो धर्माचा विषय आहेच.

मेणबत्ती नको, वही आणा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते दोर धरून तासन्‌तास रांगा सांभाळतात. पण मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट म्हणजे ‘एक वही, एक पेन’ हे अभियान. हार-फुलं आणि मेणबत्त्यांऐवजी वही आणि पेन वाहा, ते गरजू मुलांच्या शाळेत जातील, असं आवाहन आंबेडकरी तरुणांनी केलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. नागपूरला दीक्षाभूमीवर तर माणसं येतात एक पिशवी घेऊन आणि परततात पुस्तकांच्या ओझ्याने वाकून. यात्रेत पेढ्यांपेक्षा पुस्तकांची दुकानं जास्त, असं दृश्य जगात फार ठिकाणी दिसणार नाही.

झटपट तीन

प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये पंढरपुरात अनाथ बालकाश्रम काढला. विधवांची टाकून दिलेली तान्ही मुलं तिथे वाढली. याच समाजाचे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं. त्यांच्या बहिणीनेही याच कामाला वाहून घेतलं.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला आणली. चार दिवसांची मदत देऊन परत पाठवली नाहीत, तर राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली.

खंजिरीवर गाणारे तुकडोजी महाराज १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेले होते. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा जमाव स्तब्ध होतो, महामार्गावरची वाहनंही थांबतात. मग सर्वधर्म प्रार्थना होते.

वारीच्या वाटेवरचे न्हावी आणि चांभार

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की पेठांमधून एकदा चालून बघा. एका ओट्यावर न्हावी रांगेने दाढ्या करत असतो, पैसे नाहीत. पुढे एक चांभार तुटलेल्या चपलांना टाके घालत बसलेला असतो, त्याच्या शेजारी कुणी शिंपी पिशव्यांचे उसवलेले बंद शिवून देतो. शाळेच्या पटांगणात कॉलेजची पोरं कोमट तेल घेऊन बसलेली असतात. परभणीकडची एखादी आजी आधी पाय मागे ओढते, ‘नको रे बाबा, तू शिकलेला पोरगा’ म्हणते. टाचांना खोल भेगा, बोटांत फोड. पोरगा हट्टाने पाय मांडीवर घेतो. पाच मिनिटांत आजी पोराची चौकशी करू लागते, नोकरी लागली का, लग्न झालं का. कोण कुणाची सेवा करतंय हे तिथे सांगता येत नाही.

ताट-वाटी बरोबर घ्या!

महामार्गावरच्या करंजीची गोष्ट राहिलीच. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, यवतमाळ जिल्ह्यात, शिखांचा लंगर आहे. २०२० च्या टाळेबंदीत या रस्त्याने पायी निघालेले मजूर, अडकलेले ट्रकवाले, कुणीही उपाशी गेलं नाही. दहा आठवड्यांत सुमारे वीस लाख लोक इथे जेवले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. आसपास मैलोन्‌मैल दुसरं काही उघडं नव्हतं. ऐंशी ओलांडलेले एक बाबा सगळं बघत होते.

आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस! दोन हजारांवर किलोमीटरचा प्रवास, आणि वाटेतल्या स्टेशनांवर गुरुद्वारांचे सेवादार बादल्या-परातींसह हजर. कढी-भात, छोले, डाळ, खिचडी, बटाटा-फ्लॉवरची भाजी. रिझर्व्हेशनचा डबा असो की जनरलचा, वाढप सारखंच, आणि प्रवासी शीख असलाच पाहिजे असं मुळीच नाही. गाडी थांबते थोडाच वेळ, त्यामुळे जाणकार प्रवासी स्टेशन यायच्या आतच दाराशी उभे राहतात. पत्रावळीची वाट बघू नका. घरून निघताना पिशवीत आपलं ताट, वाटी आणि डाळीसाठी एक झाकणाचा डबा टाका.