एक बंदूक, सारे रान

भिवंडीत, धामणकर नाक्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने शिकारीच्या रायफलींवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आमच्या कानांवर दिवसरात्र पडतो तो यंत्रमागांचा खडखडाट. पण आश्विनात वाडा-शहापूरकडची भातशेती पिवळी पडू लागली की तिकडून कामाला, बाजाराला येणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे डुकरे. रात्रीत अर्धा एकर भात लोळवले, राखणीला गेलेल्याच्या मांडीत सुळा घुसला, अशा गोष्टी नाक्यावरच्या चहाबरोबर ऐकायला मिळतात. जुन्या शिकारकथा आणि शस्त्रांचे कायदे वाचण्याचा मला नाद आहे हे ठाऊक असल्याने अशाच एका गृहस्थांनी विचारले, “काका, एकच हत्यार घ्यायचं झालं, सगळ्याला चालेल असं, तर कुठलं घ्यावं?”

प्रश्न साधा आहे आणि फार जुना आहे. जगभरचे शिकारी गेली दीडशे वर्षे त्यावर वाद घालत आले आहेत. पण आपल्या देशात त्याचे उत्तर शिकाऱ्याने फारसे दिलेलेच नाही. ते वेळोवेळी सरकारने दिले, आणि देताना सरकारच्या डोळ्यांपुढे जनावर क्वचितच होते.

आधी परिभाषा. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. रायफलीचे माप नळीच्या व्यासावरून सांगतात. .३१५ म्हणजे इंचाचा तेवढा भाग, सुमारे ८ मिलिमीटर. गुळगुळीत नळीचा हिशेब वेगळाच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. आमच्याकडे सुताच्या काउंटचेही असेच आहे, आकडा मोठा तितके सूत बारीक. त्यामुळे भिवंडीकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता जनावरे बघा. सह्याद्रीत भेकर वीस-पंचवीस किलोंचे, आणि त्याच रानात गवा सातशे ते हजार किलोंचा. मध्ये चितळ, रानडुक्कर, सांबर, रोही. वाघ वजनाने दोनशे किलोंच्या आसपास, पण जखमी झाला तर उलटून येणारा. गव्याला पुरेल अशा गोळीने भेकराच्या चिंध्या होतात आणि भेकराला पुरेल ती गोळी गव्याच्या खांद्यात अडकून बसते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ते जनावर मरत नाही, जखम घेऊन निघून जाते.

एकोणिसाव्या शतकात यावर उपाय एकच होता: गोळी मोठी करा. मध्य प्रांतात नोकरी केलेला जेम्स फोर्सिथ हा लष्करी अधिकारी याच पंथाचा. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर त्याने १८६३ साली पुस्तकच लिहिले. शिशाची जाड गोल गोळी, नळीला अगदी मंद पीळ आणि मागे भरपूर काळी दारू, असे त्याचे सूत्र होते. शतक संपता संपता धूर न करणारी दारू आली आणि सारा हिशेब बदलला. बारीक गोळी दुप्पट वेगाने जाऊ लागली. १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० मापाचे नवे काडतूस काढले आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकाऱ्यांना वाटले, आता प्रश्न सुटला.

तो सुटू दिला नाही सरकारने. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका जाऊन पडल्या होत्या आणि त्यांचे मापही .४५० होते. शिकाऱ्याच्या काडतुसातली गोळी काढून ती या बंदुकांत वापरता येईल, या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० वर बंदी आली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी तेच काडतूस केसभर इकडेतिकडे करून विकायला आणले: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आजही आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीला .४७० मापाची दुनळी नावाजली जाते. ते माप कुणा शिकाऱ्याने हत्ती बघून ठरवले अशी पुष्कळांची समजूत आहे. खरे तर ते हिंदुस्थानातल्या एका बंदीला दिलेली बगल आहे.

हलक्या रायफलीचेही तसेच झाले. लष्कराची रायफल .३०३, म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’, म्हणून ती सामान्य माणसाला निषिद्ध. तेव्हा बीएसए कंपनीने जवळजवळ तीच ली-एनफिल्ड बनावटीची रायफल .३१५ मापात करून हिंदुस्थानात विकली. हे ८ मिलिमीटरचे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे. म्हणजे काडतूस लष्करीच, फक्त आपल्या लष्कराचे नव्हे, एवढ्यावर ते कायदेशीर ठरले. मूळ काडतुसात २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने सुटते. मारा साधारण तीन हजार ज्यूल, जवळपास .३०३ इतकाच.

स्वातंत्र्यानंतर हेच माप पुढे चालू राहिले. इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल बनू लागली आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासूनचा आहे. काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्या खडकीचीच. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली आणि ज्याला नवी रायफल हवी त्याच्यापुढे .३१५ वाचून फारसे काही उरले नाही. नंतर इशापूरने .३०-०६ या अमेरिकी मापाची रायफलही काढली. ती माऱ्याला सरस आहे, सुमारे एक हजार ज्यूलने जास्त. पण रायफल कितीही चांगली असो, गावाजवळच्या दुकानात काडतूस मिळाले नाही तर ती खुंटीवरच राहते. ज्या चोरीच्या भयाने ही सारी मापे ठरली, त्याचे फळ काय? उत्तरेत देशी कट्टे बनवणाऱ्यांनी आपले कट्टे .३१५ च्याच मापाचे केले, कारण काडतूस तेच मुबलक!

मग निव्वळ गुणांवर निवडायचे झाले असते तर? ज्यांना ही मोकळीक होती त्यांच्याकडे बघू. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजारावर हत्ती मारले, त्यांतले पुष्कळसे .२७५ रिग्बीने, जिला माउझरचे ७ मिलिमीटर काडतूस लागते. हत्तीला हे काडतूस म्हणजे टाचणी. पण कवटीत मेंदू नेमका कुठे असतो ते बेलने हत्ती कापून पाहून ठेवले होते. तेवढा अभ्यास नसलेल्याने बेलचा दाखला देऊ नये. दुसरीकडे १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काढली. ३०० ग्रेनची गोळी, पावणेसहा हजार ज्यूलच्या घरातला मारा, आणि तरीही हरणावर चालवता येईल इतकी नेमकी. हिंदुस्थानसाठी ‘एकच’ रायफल कोणती, याचे कागदावरचे माझे उत्तर तीच आहे. गव्यालाही पुरते, सांबरालाही जड होत नाही. परवडली ती अर्थात राजेरजवाड्यांना.

जिम कॉर्बेटचे उदाहरण मला यापेक्षा बोलके वाटते. १९०७ साली चंपावतची वाघीण मारायला तो गेला तेव्हा त्याच्या .५०० च्या रायफलीसाठी खिशात तीनच काडतुसे होती. ती संपली तरी वाघीण उभी होती. अखेरचा बार त्याने तहसीलदाराची बंदूक मागून घेऊन काढला, आणि त्या बंदुकीची नळी मागे नीट मिटतसुद्धा नव्हती! अंतर वीस फूट. या कामगिरीबद्दल त्याला .२७५ रिग्बी भेट मिळाली. पुढे त्याच्याकडे .४५०/४०० ची दुनळी आली आणि वाघासाठी तो ती पसंत करी, पण अंगाखांद्याला सवयीची होती ती हलकी रिग्बीच. १९३० साली चौगढची वाघीण अचानक हाकेच्या अंतरावर समोर आली तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. त्याने एका हाताने रिग्बी हळूहळू वळवली आणि चाप ओढला. साडेचार-पाच किलोंची दुनळी तशी वळवता आली असती असे मला वाटत नाही. मारा पुस्तकात मोजतात, वजन रानात.

चंपावतच्या वाघिणीच्या खात्यावर ४३६ बळी होते. मेल्यावर तिचे तोंड उघडून पाहिले तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटच्या मते ती जुन्या गोळीची जखम होती आणि तिच्यामुळेच वाघिणीला नेहमीचे सावज धरता येईना. कुणीतरी, कधीतरी, अपुऱ्या हत्याराने किंवा अधीर हाताने एक बार काढला आणि घरी निघून गेला. हत्याराच्या निवडीचा हिशेब शिकाऱ्याच्या फुशारकीत मांडू नये, तो इथे मांडावा.

आता पुन्हा वाडा-शहापूरकडे. शिकार म्हणून शिकार आज नाहीच. कोल्हापूर संस्थानाचे दाजीपूरचे राखीव शिकारी रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले, आमच्या जवळचे तानसा १९७० मध्ये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली फटही बुजली. राहिले मुख्य अपवाद दोन: माणसाच्या जिवावर उठलेले जनावर आणि पीक उद्ध्वस्त करणारे जनावर. दोन्हींना वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना डुक्कर मारणे हा गुन्हा आहे, भात स्वतःचे असले तरी.

आणि हत्यार? त्याचेही उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे, तेही बारकाईने. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक राखायला ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलीचे नावही त्या कलमात पिकाच्या संदर्भात नाही. ठासणी म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि शिसे भरून गजाने ठासायचे. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर एकतर पसार होते नाहीतर अंगावर येते. पावसाळी हवेत दारू सर्दावते ती वेगळीच.

हे वाचून कुणालाही वाटेल की शेतकऱ्याला रायफल द्यावी. मलाही पूर्वी तसे वाटे. नकाशा पाहिल्यावर मत बदलले. .३१५ ची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते. आमच्या तालुक्यात भाताच्या शेतापलीकडे गोदामांच्या रांगा आहेत, वीटभट्ट्या आहेत, महामार्ग आहे, उघड्यावर झोपणारे कामगार आहेत. कुमाऊंच्या डोंगरात गोळीच्या मागे डोंगर असतो. भिवंडी तालुक्यात माणूस असतो. बारा बोअरचे शिसे तितके लांब जात नाही. आणि रात्री बांधावर बसणाऱ्याला डुक्कर दिसते ते फार तर वीस-पंचवीस पावलांवर. त्या अंतरावर रायफलीचा नेमका पल्ला वायाच जातो.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले ते असे: बारा बोअर, दुनळी. एका नळीत अखंड गोळी आणि दुसरीत मोठे एल. जी. छर्रे. बारीक छर्रे डुकराला कधीही घालू नयेत. नराच्या खांद्यावरचे कातडे इतके जाड असते की ते छर्रे तिथेच रुततात आणि जनावर चिडते. त्यांच्याकडे आजोबांच्या परवान्याची ठासणी आहे, ती बदलून घेण्याची सोय कायद्याच्या त्याच कलमात आहे. अर्जात पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत.

त्यांनी ऐकून घेतले आणि मग हसून एक अडचण काढली, तिला माझ्याकडे उत्तर नव्हते. विधानसभेची निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले. भात कापणीला येते ते नेमके तेव्हाच. त्या दिवसांत ते पत्र्याचा डबा वाजवत बांधावर बसतात.