फाशांच्या खेळातील रशियन हातबॉम्ब

टेबलाभोवती बसून फाशांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, उदाहरणार्थ १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या व उद्ध्वस्त पोलंडमध्ये घडणाऱ्या ‘ट्वायलाइट: २०००’ मध्ये, सोव्हिएत बनावटीच्या हातबॉम्बना साहजिकच स्थान मिळते, मात्र त्या सर्वांना नुकसानीचा एकच आकडा लावणे म्हणजे सब घोडे बारा टक्के होय. सुमारे ६०० ग्रॅम वजनाच्या एफ-१ मध्ये स्फोटक जेमतेम ६० ग्रॅम असते, परंतु त्याच्या जाड बिडाच्या कवचाच्या ठिकऱ्या २०० मीटरपर्यंत जाऊ शकत असल्याने तो ‘बचावात्मक’, म्हणजे आडोशामागूनच फेकावयाचा, मानला जातो. कवचावरील खाचांबरहुकूम त्याचे तुकडे होतात ही समजूतही खरी नव्हे, कारण बीड वेडेवाकडेच तडकते. १९५४ मधील आरजीडी-५ पातळ पत्र्याचा, ३१० ग्रॅमचा असून, त्यात ११० ग्रॅम टीएनटी असले तरी ठिकऱ्या हलक्या व कमी पल्ल्याच्या असतात, म्हणून उघड्यावरून चढाई करणाऱ्या सैनिकासाठी योजलेला हा बॉम्ब ‘आक्रमक’ म्हणवतो. दोहोंचा स्फोट खटका सुटल्यावर ३.२ ते ४.२ सेकंदांनी होतो, आणि तेवढ्यात सावध पात्र आडोसा गाठू शकते. नंतरचे आरजीएन व आरजीओ मात्र आदळताक्षणीच फुटतात. तेथे ही सवलत देणारा नियम चुकीचाच ठरेल.