त्रिकोणी रोटरचे एंजिन किती टिकते?

मोटारीच्या एंजिनात दट्ट्या कसा खालीवर होतो ते तुम्ही पाठ्यपुस्तकातील आकृतीत पाहिलेच आहे. पण चाके तर गोल फिरवायची असतात. मग दट्ट्याला सरळ रेषेत पळवायचे, टोकाला थांबवायचे, पुन्हा उलट पळवायचे आणि शेवटी या गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करायचे, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? एंजिनाचा मुख्य भाग मुळातच गोल फिरला तर?

जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांना या प्रश्नाने अनेक वर्षे पछाडले होते. एनएसयू या कंपनीत त्यांच्या कल्पनेचे पहिले एंजिन १९५७ साली चालले आणि १९६४ मध्ये असे एंजिन बसवलेली पहिली मोटार, एनएसयू स्पायडर, विक्रीला आली.

या एंजिनाची रचना डोळ्यांपुढे आणा. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखी एक पोकळी आहे. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर डुलत डुलत फिरतो. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो आणि त्यात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या चारही क्रिया ओळीने घडतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या दंडाचे तीन फेरे होतात. झडपा नाहीत, मागेपुढे धावणारा दट्ट्या नाही. दोन रोटरच्या एंजिनात हे दोन रोटर आणि एक दंड एवढेच मुख्य फिरते भाग असतात. त्यामुळे एंजिन लहान, हलके आणि जवळजवळ थरथर नसलेले होते. वेगवान स्पोर्ट्‌स मोटारीला आणखी काय हवे?

पण सारा खेळ त्या तीन टोकांवर अवलंबून आहे. प्रत्येक टोकाच्या खाचेत एक बारीक पट्टी बसवलेली असते. तिला आपण टोकपट्टी म्हणू. एका कप्प्यातील तप्त वायू शेजारच्या कप्प्यात जाऊ न देणे, हे तिचे काम.

आता कागद-पेन्सिल घ्या. माझ्दा कंपनीच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या स्पोर्ट्‌स मोटारींच्या एंजिनात रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिमी. आहे. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परिघ ६६ सेंमी. भरतो. पण रोटर डुलतही असल्याने टोकाचा मार्ग थोडा लांब, सुमारे ६९ सेंमी. होतो. समजा, ताशी ८० किमी. वेगाने जाताना दंड मिनिटाला ३,००० फेरे घेतो. म्हणजे रोटरचे १,००० फेरे झाले आणि टोकपट्टी मिनिटाला ६९० मीटर, अर्थात तासाला सुमारे ४१ किमी. घासत गेली. मोटारीने १ लाख किमी. अंतर या वेगाने तोडायला १,२५० तास लागतील. तेवढ्या काळात टोकपट्टी भिंतीवरून सुमारे ५२,००० किमी. घासते! विषुववृत्तावरून पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली तर ४०,००० किमी. होतात.

तुम्ही म्हणाल, साध्या एंजिनातील दट्ट्याच्या कड्याही घासतातच की. बरोबर आहे. दट्ट्याची धाव ८० मिमी. असेल, तर ३,००० फेऱ्यांना कड्या तासाला सुमारे २९ किमी. घासतात. आकड्यांत फार फरक नाही. मग टोकपट्टीच अधिक अडचणीत का येते?

पहिले कारण स्पर्शाचे. कडी सिलिंडरला सर्व बाजूंनी नीट लागून असते आणि एका कडीच्या पाठीशी दुसरी असते. टोकपट्टी मात्र एकटी, आणि भिंतीला टेकते ती केवळ एका रेषेत. शिवाय भिंतीशी तिचा कोन सारखा बदलत राहतो.

दुसरे कारण उष्णतेचे. साध्या सिलिंडरमध्ये ज्या जागी ज्वलन होते, तिथेच नंतर थंड मिश्रण येते. वांकेल एंजिनात ज्वलन नेहमी एकाच बाजूला आणि शोषण नेहमी दुसऱ्या बाजूला. भिंतीचा एक भाग कायम तापलेला, दुसरा तुलनेने गार. धातूचे प्रसरण असमान होऊन भिंतीचा आकार किंचित बिघडतो.

तिसरे कारण वंगणाचे. दट्ट्याच्या कड्यांना खालून तेल मिळते. टोकपट्टीला तशी सोय नाही, म्हणून एक छोटा पंप थोडे थोडे तेल आत सोडतो आणि ते जळून जाते. या एंजिनात तेल कमी होणे हा बिघाड नव्हे, तो रचनेचाच भाग आहे. मालकाने तेलाची पातळी पाहिली नाही, तर शिक्षा टोकपट्टीला होते.

याचा फटका एनएसयूला बसला. १९६७ साली तिने 'रो ८०' ही देखणी मोटार बाजारात आणली. मोटारीचे कौतुक झाले, पण पट्ट्या लवकर झिजू लागल्या आणि हमीपोटी एंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या समूहात विलीन झाली.

तिकडे जपानात हिरोशिमा येथे माझ्दाचे अभियंते केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखाली याच प्रश्नाशी झुंजत होते. चाचणीनंतर एंजिन उघडले की भिंतीवर ओळीने ओरखडे दिसत. त्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले. हे ओरखडे कसे पडतात, ते तुम्ही वर्गातच पाहू शकता. खडू फळ्यावर विशिष्ट कोनात दाबून ओढा. तो कर्कश आवाज करीत थरथरतो आणि सलग रेघेऐवजी ठिपक्यांची रेघ उमटते. टोकपट्टीही तशीच थरथरत होती. अभियंत्यांनी पट्टीला आडवी-उभी भोके पाडली. त्यामुळे तिची नैसर्गिक वारंवारता बदलली आणि ओरखडे थांबले. पुढे प्रत्यक्ष विक्रीच्या मोटारीसाठी त्यांनी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी वापरली. १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीला आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथील ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या आणि त्यांतील एक चौथी आली.

१९९१ साली तर फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची विख्यात शर्यत माझ्दाच्या ७८७बी या मोटारीने जिंकली. तिच्या एंजिनात चार रोटर होते आणि टोकपट्ट्या सिरॅमिकच्या होत्या. सुमारे ४,९०० किमी. धावल्यावर एंजिन उघडले, तर ते सुस्थितीत आढळले.

मग टिकाऊपणाचा प्रश्न सुटला म्हणायचा का? २००३ मध्ये आलेल्या आरएक्स-८ ची गोष्ट ऐका. अमेरिकेत विकलेल्या २००४ ते २००८ च्या या मोटारींसाठी कंपनीला एंजिनाच्या मुख्य भागांची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २०१२ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

शर्यत जिंकणारे एंजिन घरच्या मोटारीत का कुरकुरते? आपले गणित पुन्हा पाहा. शर्यत २४ तासांची, आपला प्रवास १,२५० तासांचा. शर्यतीत एंजिन एकदा तापले की तापलेलेच राहते, तेलावर तज्ज्ञांची नजर असते. घरच्या मोटारीने २० किमी.ची एकेक फेरी केली, तर १ लाख किमी.त ती ५,००० वेळा सुरू होते, पुष्कळदा थंड असताना. थंड भिंतीवर वंगण नीट पसरलेले नसते आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी पट्टीच्या खाचेत साचते. पट्टी खाचेत अडकली की गळती सुरू.

२०२३ साली माझ्दाने हे एंजिन पुन्हा आणले, पण वेगळ्या कामासाठी. एमएक्स-३० या मोटारीत चाके विद्युत मोटर फिरवते आणि एकच रोटर असलेले एंजिन फक्त जनित्र चालवते. टोकपट्टीची जाडी २ मिमी.वरून २.५ मिमी. केली आहे. चाकांशी थेट संबंध नसल्याने या एंजिनाला चालकाच्या प्रत्येक लहरीबरोबर वेग बदलावा लागत नाही.

जाता जाता एक प्रश्न. एखादे यंत्र किती टिकते, हे तुम्ही किलोमीटरमध्ये मोजाल, तासांत, की ते किती वेळा थंड असताना सुरू केले त्यावर? वर्गात चर्चा करा. आणि फळ्यावर खडू किंचाळला, तर कोन बदलून पाहा. आवाज केव्हा थांबतो ते वहीत लिहून ठेवा.